इटलीतला हॅलोवीन: भोपळे, भुतं आणि आजोबा

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला की आमच्या मिलानच्या घरात टॉयलेट पेपरची रिकामी नळी फेकायची कुणाची हिंमत होत नाही. त्या नळ्यांची वटवाघळं होतात. नळीला काळा रंग द्यायचा, वरचं तोंड दोन्ही बाजूंनी बोटांनी आत दाबायचं, की आपोआप दोन टोकदार कान उभे राहतात. मग मागून कागदाचे पंख आणि पुढून डोळे. दहा मिनिटांचं काम. माझा चार वर्षांचा धाकटासुद्धा एका बैठकीत तीन वटवाघळं करतो आणि त्यातल्या एकाला नेहमी तीन डोळे असतात.

मी मूळची इंदूरची. तिथेच बी. ई. केलं, नोकरी सॉफ्टवेअरमधली, आणि गेली सात वर्षं आम्ही मिलानला लागून असलेल्या एका छोट्या गावात राहतो. लेक आठ वर्षांची आहे. मंडळाच्या अंकासाठी ‘इटलीबद्दल काहीतरी लिही’ असं सांगण्यात आलं, तेव्हा पिसाचा मनोरा आणि व्हेनिसच्या होड्यांवर लिहायचं नाही एवढं नक्की होतं. ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, निदान मावसभावाच्या फोटोंत तरी. त्याऐवजी इथल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांबद्दल लिहिते. मुलाबाळांच्या घरात वर्षातले सगळ्यात गडबडीचे दिवस हेच. शिवाय २०२४ साली नेमकी आपली दिवाळी त्यांच्यावर येऊन बसली, आणि त्या चार दिवसांत मला इटलीबद्दल जे कळलं ते आधीच्या वर्षांत कळलं नव्हतं.

आधी हस्तकलेचं बोलू, कारण घरात पसारा तिचाच असतो. मुलांनी हातानं केलेल्या छोट्या वस्तूंना इटालियनमध्ये ‘लावोरेत्ती’ म्हणतात, म्हणजे छोटी छोटी कामं. बालवाडीपासून प्रत्येक सणाला लावोरेत्ती असतातच. शरद ऋतूतल्या लावोरेत्तींचा निम्मा माल बागेत फुकट मिळतो. पिवळी-तांबडी पानं, ओकची टोपीवाली फळं आणि रानटी चेस्टनट. हे रानटी चेस्टनट दिसायला खाण्याच्या चेस्टनटसारखेच, चकचकीत तपकिरी, पण विषारी. खायचे चेस्टनट एका बाजूला टोकदार असतात आणि त्यांचं कवच साळिंदरासारखं बारीक काट्यांचं. रानटी गोल गरगरीत, त्यांच्या कवचावर मोजकेच जाड काटे. इथल्या आज्या असा एक रानटी चेस्टनट कोटाच्या खिशात ठेवतात, सर्दी होत नाही म्हणून. आमच्या खिशात ते डझनांनी असतात आणि सर्दी तरीही होते. त्यांना सुतळीचे आठ पाय चिकटवले की कोळी तयार.

सगळ्यात देखणं होतं ते कापडाचं भूत. एका बाटलीवर फुगा बसवायचा. जखमेवर बांधतात ती विरळ विणीची पांढरी जाळी चिकट पाण्यात बुडवून त्यावर पांघरायची आणि रात्रभर वाळू द्यायची. सकाळी फुगा फोडला की कापड स्वतःच्या पायांवर उभं, आत काहीच नाही. इथे यासाठी ‘विनाविल’ नावाचा पांढरा गोंद वापरतात, आपल्या फेविकॉलचा इटालियन भाऊ. मी मात्र मैद्याची खळ करते. लहानपणी आकाशकंदिलाला तीच लावायचो. खळीचं भूत तितकंच कडक होतं आणि धाकट्यानं चाटलं तर काळजी नाही.

आणि भोपळा. कोरायचा भोपळा आणि खायचा भोपळा वेगळे, ही गोष्ट इथे प्रत्येक नवख्या कुटुंबाला कुणीतरी सांगावी लागते. कोरायचा तो मोठा, गुळगुळीत, केशरी, आतून पोकळ आणि चवीला पाणचट. खायचे ते बुटके, जाड सालीचे, हिरवट-करडे, आणि कापताना मनगट दुखवणारे. मिलानपासून पूर्वेला मान्तोव्हा नावाचं शहर आहे. तिथे अशा गोड भोपळ्याचं सारण भरून ‘तोर्तेल्ली’ करतात. सारणात बदामी बिस्किटांचा चुरा आणि मोहरीच्या अर्कानं झणझणीत केलेला फळांचा मुरांबा असतो. पहिल्यांदा खाल्ले तेव्हा वाटलं, गोड-तिखट एकत्र खाणारे आपण इंदूरवालेच नव्हे. त्याच भोपळ्याचे घारगे इतके सुंदर होतात की आता शेजारी स्वतःहून विचारतात.

कोरायच्या भोपळ्याचं झाकण कापताना सुरी तिरकी धरायची, म्हणजे झाकण आत पडत नाही. आतला गर आणि बिया मुलांनी हातानं उपसायच्या. त्या बुळबुळीतपणातच खरी मजा असते, चमचा देऊ नये. भिंत दोनेक सेंटिमीटरची राहील इतकं खरवडायचं, डोळे-तोंड आधी पेनानं काढून घ्यायचं आणि सुरी मोठ्यांनी चालवायची. कोरल्यावर कडांना व्हॅसलीन लावलं तर भोपळा चार-पाच दिवस सुरकुतत नाही. बिया धुऊन, मीठ लावून भाजायच्या. आमच्याकडे त्यावर थोडा जिरावण पडतो. इंदूरहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या बॅगेत तो असतोच, हे तुम्हाला सांगायला नको.

आता हिंडण्याबद्दल. ऑक्टोबरात मिलानच्या आसपासची बरीच शेतं भोपळ्यांसाठी खुली होतात. तिकीट काढायचं, एकचाकी हातगाडी घ्यायची, मुलांना गाडीत बसवायचं आणि शेतात फिरून आपला भोपळा आपण निवडायचा. गवताच्या गासड्यांचं चक्रव्यूह असतं, मक्याच्या दाण्यांचा हौद असतो, त्यात मुलं पोहतात. बूट जुने घालावेत. उत्तर इटलीत या दिवसांत चिखल आणि धुकं दोन्ही भरपूर. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि त्याच दिवसापासून पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन इकडे येणार असाल तर हे लक्षात ठेवून सकाळी लवकर बाहेर पडा.

गार्दाच्या सरोवराकाठी ‘गार्दालँड’ नावाचं मोठं मनोरंजन उद्यान आहे, १९७५ सालापासूनचं. ऑक्टोबरात तिथे भोपळे आणि सांगाड्यांचा नुसता पूर असतो. मिलानहून आगगाडीनं पेस्किएरा स्टेशनला दीड तासाच्या आत पोहोचता येतं. मुलांना आवडतं, रांगा लांब असतात, घरून पोळीचे रोल न्यावेत. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

मला मनापासून आवडलं ते ग्रात्सानो व्हिस्कोन्ती. पिआचेन्त्सा शहराच्या दक्षिणेला हे गाव आहे. दगडी कमानी, लाकडी सज्जे, भिंतींवर रंगवलेली राजचिन्हं, लोहाराचं दुकान. बघताना वाटतं सहाशे वर्षांपूर्वीचं. किल्ला खरंच चौदाव्या शतकाच्या शेवटचा आहे, पण गाव मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं. ज्युसेप्पे व्हिस्कोन्ती दि मोद्रोने या सरदारानं, सिनेदिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोन्तीच्या वडिलांनी, ते हौसेनं उभं केलं. म्हणजे एका श्रीमंत माणसानं मोठ्या प्रमाणावर केलेला ‘लावोरेत्तो’च म्हणा ना. आपली मुलं दिवाळीत मातीचा किल्ला करतात, यानं त्याच्याभोवती अख्खं गाव केलं.

या गावाचं स्वतःचं भूत आहे. तिचं नाव आलोइसा. दंतकथा अशी की नवऱ्याच्या बेइमानीच्या दुःखानं ती मेली आणि तेव्हापासून किल्ल्याच्या आसपास फिरते. ती प्रेमात पडलेल्यांची पाठराखीण मानली जाते. गावात तिचा छोटासा पुतळा आहे, बुटकी, गोल चेहऱ्याची बाई, आणि लोक तिला फुलं आणि माळा वाहतात. माझी लेक चेटकिणीची टोपी घालून, मोठ्या तयारीनं घाबरायला गेली होती. पुतळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘आई, ही तर दमलेली दिसते.’’ मग केसांतला रबरबँड काढून तिच्या पायाशी ठेवला.

टोपीवरून आठवलं. पश्चिमेला लिगुरियाच्या डोंगरात त्रिओरा नावाचं गाव आहे, तेही या दिवसांत चेटकिणींसाठी गजबजतं. पण तिथल्या चेटकिणी खेळातल्या नव्हत्या. १५८७ साली दुष्काळ पडला, त्याचं खापर गावातल्या काही बायकांवर फुटलं, खटले चालले, छळ झाला, काही जणी त्यातच मेल्या. गावात त्याचं संग्रहालय आहे. आठ वर्षांच्या मुलीला हे कितपत सांगावं हा प्रश्नच होता. मी एवढंच सांगितलं की पाऊस पडला नाही म्हणून लोकांनी काही आज्यांना दोष दिला. ‘‘पण पावसाचा आणि आज्यांचा काय संबंध?’’ तिनं विचारलं. काहीच नाही, म्हटलं.

हॅलोवीन इटलीचा आहे का, यावर इथे दरवर्षी वाद झडतो. सध्याचं रूप, म्हणजे प्लॅस्टिकचे सांगाडे आणि दारोदार जाऊन ‘दोल्चेत्तो ओ स्केर्त्सेत्तो’, खाऊ की खोडी, असं ओरडणं, हे अमेरिकन सिनेमा आणि मालिकांतून आलं आणि गेल्या तीसेक वर्षांत रुजलं. अनेक चर्चना ते पसंत नाही. काही ठिकाणी मुलांना त्या दिवशी भुतांऐवजी संतांचे वेश देतात. आमच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही एक आई दरवर्षी लिहिते, ‘हे आपलं नाही.’ परक्या मुलुखात आपण ‘आपलं’ काय आणि त्यांचं काय यावर तोंड उघडू नये, म्हणून मी गप्प असायचे.

पण ऑफिसात एक सहकारी आहे, दक्षिणेतल्या पुलिया प्रांतातल्या फोज्जाकडचा. त्याला हा वाद ऐकला की हसू येतं. तिकडे ओर्सारा नावाच्या डोंगरी गावात १ नोव्हेंबरच्या रात्री दारोदारी शेकोट्या पेटतात आणि भोपळ्यांना माणसाच्या डोक्याचा आकार कोरून आत दिवा ठेवतात. त्या रात्री मेलेली माणसं घरी येतात, त्यांना वाट दिसावी आणि थंडीत ऊब मिळावी म्हणून. याला हॅलोवीन म्हटलेलं गावकऱ्यांना अजिबात खपत नाही. फोज्जात मुलं त्या रात्री मोजे टांगून ठेवतात आणि सकाळी त्यांत खाऊ निघतो, घरातल्या गेलेल्या माणसांनी आणलेला. शिजवलेले गहू, डाळिंबाचे दाणे, अक्रोड आणि आटवलेला द्राक्षरस यांचा एक गोड पदार्थही करतात. ‘ग्रानो देइ मोर्ती’, मेलेल्यांचे गहू. आपली गव्हाची खीर आठवा, फक्त दुधाशिवाय.

हे एकाच गावाचं नाही. सार्डिनियात मुलं दारोदार जाऊन गेलेल्या आत्म्यांच्या नावानं खाऊ, डाळिंबं, सुकामेवा मागतात. सिसिलीत तर २ नोव्हेंबरच्या सकाळी मुलं घरभर भेटवस्तू शोधतात. रात्री आजी-आजोबा, पणजी-पणजोबा येऊन लपवून गेलेले असतात. त्या दिवशी तिथे बदामाच्या लगद्याची हुबेहूब फळं मिळतात आणि साखरेच्या रंगवलेल्या बाहुल्या, घोड्यावरच्या सरदारांच्या. लक्ष्मीपूजनाच्या बत्ताशांबरोबर मिळणारे साखरेचे हत्ती-घोडे ज्यांनी खाल्लेत त्यांना ही दुकानं परकी वाटणार नाहीत.

सहकाऱ्याचं हे ऐकत असताना मला आठवली ती संजा. इंदूरच्या मुलींना वेगळं सांगायला नको, पण बडोदा-बेळगावच्या वाचकांसाठी सांगते. माळव्यात भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून सर्वपित्रीपर्यंत, म्हणजे ऐन पितृपक्षात, मुली घराच्या भिंतीवर शेणानं रोज नवी चित्रं काढतात. चंद्र, सूर्य, पंखा, फुली, आणि शेवटी मोठा किल्लाकोट. त्यावर फुलांच्या पाकळ्या आणि चमकी कागद चिकटवायचा, संध्याकाळी आरती आणि गाणी, मग प्रसाद ओळखायचा. आम्ही मराठी घरच्या मुलीही गल्लीतल्या मैत्रिणींबरोबर हे करायचो. घरात आजी पित्रांचं पान वाढून कावळ्याची वाट बघत असायची आणि बाहेरच्या भिंतीवर आम्ही शेणात बोटं घालून हसत असायचो. या दोन गोष्टी एकाच पंधरवड्यात का येतात, हे मी तीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. ते मिलानमधल्या एका कॉफी मशीनपाशी लक्षात आलं.

२०२४ साली नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला आली. सकाळी सहाला उटणं, मोती साबण, शाळेत जाण्याआधी फराळ. संध्याकाळी त्याच घासून लख्ख केलेल्या चेहऱ्यावर पांढरा रंग आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. खिडकीत भोपळा आणि त्याच्या वर आकाशकंदील, तोही उरलेल्या केशरी-काळ्या कार्डशीटचा. लक्ष्मीपूजन काही पंचांगांनी ३१ ला सांगितलं, काहींनी १ ला. आम्ही १ तारीख घेतली, कारण १ नोव्हेंबरला इथे ‘ओन्यिसान्ती’, सर्व संतांच्या दिवसाची सरकारी सुट्टी असते. पंचांग निवडायचा हाही एक मार्ग.

भुतं झालेली मुलं आमच्या इमारतीत आणि मग बाजाररस्त्यावरच्या दुकानांत फिरली. इथे दुकानदारही खाऊ देतात. गोळ्यांत बरेचदा जिलेटिन असतं, शाकाहारी घरांनी पाकिटामागचं बघून घ्यावं. आम्ही दारी आलेल्यांना चॉकलेटं दिली आणि जोडीला ऐच्छिक चकली. चकली आधी संपली.

खालच्या मजल्यावर ऐंशीच्या घरातल्या एक बाई एकट्या राहतात. मुलं त्यांना नोन्ना म्हणतात. आम्ही फराळाचं ताट घेऊन गेलो, तर त्यांनी आमच्यासाठी ‘पान देइ मोर्ती’ काढून ठेवले होते. ही मिलानकडची मेलेल्यांची पोळी. खरं तर जाडसर, काळपट, लांबट बिस्किट, सुकी फळं आणि बदाम घातलेलं. फक्त या दिवसांत मिळतं. त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो आणि थोडी वाइनही, खात नसाल तर आधी विचारावं. भोपळे बघून त्या म्हणाल्या, यात अमेरिकन काही नाही, आमच्या लहानपणी शेतावरही भोपळ्यात मेणबत्ती लावून कुंपणावर ठेवायचे आणि आम्ही एकमेकांना घाबरवायचो. आणि उद्या रात्री, त्या म्हणाल्या, माझी आई स्वयंपाकघरात पाण्याचा घडा भरून ठेवायची. लांबून चालत येतात, तहान लागते.

लेकीनं हे ऐकलं आणि काही बोलली नाही.

माझे बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी इंदूरला पोहोचले तिसऱ्या दिवशी. मुलं इथेच होती, नवऱ्यापाशी. लेक सहा वर्षांची होती. तिला आम्ही सांगितलं की आजोबा देवाघरी गेले, आणि तो विषय जवळजवळ तिथेच मिटला, कारण आपल्याकडे तो तसाच मिटवतात. मला स्वतःला लहानपणी आजोबा गेले तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे आत्याकडे पाठवलं होतं आणि परत आले तेव्हा त्यांची खाटही हलवलेली होती.

१ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झालं. मुलं झोपायला गेल्यावर मी आवरत होते, तर लेक उठून आली. आजोबांसाठी पाणी ठेवायचं म्हणाली. मग विचार करून म्हणाली, ‘‘पाणी नको, ते चहाच पितात.’’ रात्री साडेनऊला आलं घालून अर्धा कप चहा केला. तिनं तो ओट्यावर ठेवला, शेजारी एक चकली ठेवली आणि खिडकीतला भोपळा उचलून कपाजवळ आणला, दिसायला हवं म्हणून. सकाळी कपावर साय धरली होती. तिनं बारकाईनं पाहिलं, ‘‘थोडा कमी झालाय,’’ असं जाहीर केलं आणि उरलेला चहा तुळशीला घातला. तुळस इथे थंडीत आत ठेवावी लागते. तिला चहा मानवला, अजून उभी आहे.

२ तारखेला शनिवार होता. आपला पाडवा, आणि इथे गेलेल्यांचा दिवस. इटलीभर लोक शेवंतीची फुलं घेऊन दफनभूमीत जातात. म्हणूनच इथे कुणाच्या घरी जाताना शेवंती कधी नेऊ नये. लेकीच्या वर्गातली एक मैत्रीण आईबाबांबरोबर पणजीला भेटायला मिलानच्या ‘मोन्युमेंताले’ दफनभूमीत जाणार होती आणि आम्हीही यावं असं त्यांनी सुचवलं. मी आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘अगं, सणासुदीचं स्मशानात? तेही पोरांना घेऊन?’’ मी म्हटलं, इथे तेही सणासारखंच असतं. ती गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘धनत्रयोदशीला आपण यमाला दिवा लावतोच म्हणा दक्षिणेकडे तोंड करून. अमावास्येला पित्रांना वाट दिसावी म्हणून मशाल दाखवायचे पूर्वी.’’ आणखी थोड्या वेळानं, ‘‘फुलं ने.’’

मोन्युमेंताले १८६६ सालची आहे, कार्लो माचाकिनी या वास्तुरचनाकाराची. दारातच काळ्या-पांढऱ्या दगडी पट्ट्यांची एवढी भव्य इमारत आहे की नवख्याला राजवाडा वाटावा. आत शिरायला तिकीट नाही. मधल्या दालनात लेखक मान्झोनींची समाधी आहे. मागे झाडांच्या रांगांमधून दगडाची आणि ब्राँझची घरंच घरं. काम्पारी मद्याच्या घराण्याच्या थडग्यावर ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाचा पूर्ण देखावा आहे, माणसाच्या आकाराचे पुतळे टेबलाभोवती बसलेले. धाकट्यानं मोजले आणि विचारलं, ‘‘यांचं जेवण अजून आलं नाही?’’

पण बघण्यासारखी होती ती माणसं. आज्या, नातवंडं, बाबागाड्या. साध्या थडग्यांवर चिनी मातीवर उमटवलेले छोटे फोटो, लाल दिवे. नळाजवळ झाऱ्या टांगलेल्या, कुणीही घ्याव्यात आणि परत ठेवाव्यात. मैत्रिणीनं झारी भरली, पणजीच्या दगडावरची पानं झाडली, शेवंतीला पाणी घातलं आणि मग पणजीला आपल्या नव्या दाताबद्दल सांगितलं. रडलं कुणी नाही. शेवटी तिच्या आईनं बिस्किटांचा पुडा काढला आणि आम्ही सगळ्यांनी बाकावर बसून खाल्ली. माझ्या मुलांना वेगळं वाटावं असं त्यात काही नव्हतं. ग्रात्सानोच्या पुतळ्यासमोर ती जशी उभी होती तशीच इथेही होती.

आम्ही नेलेली शेवंती तिनं एका अशा दगडापाशी ठेवली जिथे कुणीच आलं नव्हतं. दगडावरचं नाव बोटानं गिरवत वाचलं आणि मग विचारलं, ‘‘आजोबांचं नाव कुठे लिहिलंय?’’

बाबांच्या अस्थी नर्मदेत सोडल्या. पाणी वाहतं, त्यावर काही लिहीत नाहीत, हे मी तिला सांगू शकले असते. पण तिनं विचारलं होतं ते वेगळं होतं. मग मला आठवलं आणि मी म्हटलं, घराच्या दारावर. इंदूरच्या आमच्या दारावर बाबांच्या नावाची पितळी पाटी आहे. घर रंगवताना रंगाऱ्यानं ती काढून ठेवली होती आणि आईनं त्याच दिवशी पुन्हा लावून घेतली.

दुपारी परत आल्यावर व्हिडिओ कॉल लावला. लेकीनं आजीला सगळं सांगितलं, झाऱ्या, फोटो, बिस्किटं, आणि मग पाटी दाखव म्हणाली. आई फोन घेऊन दाराबाहेर गेली. तिकडे संध्याकाळ झाली होती, पायरीवर पणत्या होत्या, पाटीवर झेंडूच्या तोरणाची सावली पडली होती. आईनं पदरानं पाटी पुसली आणि फोन जवळ धरला. लेक मराठी वाचते, पण सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. मधल्या जोडाक्षरावर ती अडली. आजीनं तिकडून ते पुरं केलं आणि म्हणाली, ‘‘आता आडनाव तू वाच.’’